दुरुस्तीचा शेवटचा अर्धा तास

गेल्या पंधरवड्यात आमच्या वाचकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले. त्यांच्या मोटारीचा पाण्याचा पंप बदलून आठ दिवसही लोटले नव्हते, तोच गाडी पुन्हा तापू लागली होती. "पंप नवा, नळ्या नव्या, पाणी काठोकाठ, मग फादर, गाडी तापते तरी कशाने?" असा त्यांचा प्रश्न. आम्ही त्यांस इतकेच विचारले की, गाडी चालू करताना डॅशबोर्डच्या मागून ओढा खळखळावा तसा आवाज येतो काय? ते चकित होऊन आमच्याकडे पाहू लागले. आवाज येत होता. हे आम्हांस न पाहता कसे कळले, असे त्यांना वाटले असावे. वाचकहो, हे ज्ञान आम्ही ग्रंथातून मिळविलेले नाही. ते आम्हांस चोर्ला घाटात मिळाले, आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, तर एका निरपराध मुलाने दिली. ती हकीकत सांगितल्यावाचून आजच्या लेखाचे प्रयोजन ध्यानात यावयाचे नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या मार्गाने गोव्यात उतरावयाचे, सांखळीजवळ लेकीच्या घरी गेलेल्या एका वृद्ध जोडप्यास बरोबर घ्यावयाचे आणि दिवेलागणीपूर्वी परत यावयाचे, असा आमचा बेत होता. आदल्या दिवशी सकाळी पाहतो तो आमच्या जुन्या डिझेल गाडीखाली हिरवट पाण्याचे थारोळे. पंप गळत होता. आम्ही लागलीच गाडी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी पंप पाहिला, दोन जुन्या रबरी नळ्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "फादर, पंप आणि नळ्या बसवून देतो. पण आजची रात्र गाडी इथंच राहू दे. उद्या सकाळी इंजिन गार झालं की पाणी बघतो, मग न्या."

आम्ही म्हणालो, "उद्या पहाटे निघायचे आहे. संध्याकाळपर्यंत तयार करा."

त्यांनी पुनः एकदा तेच सांगितले. आम्हीही पुनः तेच सांगितले. नंतर आम्ही त्यांच्या उशाशी उभे राहून घड्याळाकडे पाहत राहिलो. शेवटी त्यांनी पाणी भरले, झाकण लावले, पाच मिनिटे इंजिन चालविले आणि किल्ली आमच्या हाती दिली. किल्ली देताना ते काही बोलले नाहीत. ते न बोलणे आम्हांस त्या वेळी समजावयास हवे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालू करताच डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली. बरोबर आमच्या वाडीतील 19 वर्षांचा एक मुलगा होता. तो हसून म्हणाला, "फादर, गाडीत ओढा वाहतोय!" आम्हीही हसलो. घाट उतरताना इंजिनास फारसे श्रम नसतात, त्यामुळे सकाळ सुखरूप गेली. परतताना मात्र दुपारचे ऊन, गाडीत पाच माणसे व त्यांचे सामान, आणि केरी गाव मागे टाकताच सुरू होणारी चढण. थोड्याच वेळात तापमानाचा काटा मध्याच्या वर चढला, आणि आपण होऊनच खाली आला. पुनः चढला, पुनः उतरला. उतरला म्हणजे संकट टळले, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. गाडी तापू लागल्यास आतला हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे इंजिनातील उष्णता थोडी बाहेर पडते, हा जुन्या चालकांचा सल्ला आम्हांस आठवला. वातानुकूलन बंद करून हीटर सोडला, तर त्यातून चक्क गार वारा आला. इंजिन तापलेले असते तर वारा गरम आला असता, असा तर्क करून आम्ही निर्धास्त झालो. तर्क अगदी नीट होता आणि अगदी चुकीचा होता.

आणखी दोन वळणे गेल्यावर गोडसर, करपट वास आला व बॉनेटच्या कडांतून वाफ निघू लागली. काटा त्या वेळी मध्याच्याही खाली होता! आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून चाकामागे दगड लावण्यास वाकलो. तेवढ्या अवधीत त्या मुलाने मदत करावी या सद्हेतूने बॉनेट उघडले, हाताला फडके गुंडाळले आणि रेडिएटरचे झाकण फिरविले.

आम्ही ओरडलो, तोवर उशीर झाला होता. उकळते पाणी कारंज्यासारखे उसळले आणि मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा हात भाजला. त्याचा चेहरा वाचला, तो केवळ तो एका बाजूस उभा होता म्हणून. आमच्याजवळ दहा लिटर पाण्याचा एक डबा होता. तो आम्ही गाडीसाठी घेतला होता. गाडीतील वृद्ध बाईंनी तो आमच्या हातून घेतला, मुलास दरडीच्या सावलीत बसविले आणि लहान तांब्याने ते पाणी त्याच्या हातावर संथपणे ओतीत राहिल्या. भाजलेल्या जागी शाई, टूथपेस्ट, तूप असे काही लावू नये, वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, हे त्यांना त्यांच्या परिचारिका असलेल्या लेकीने शिकविले होते. डबा रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. पुढे घाट उतरणाऱ्या एका टेम्पोवाल्याने मुलाला व आम्हांस सांखळीस दवाखान्यात पोहोचविले. मुलाचा हात बरा झाला. डाग मात्र राहिला आहे, आणि दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो खुर्च्या उचलू लागला म्हणजे आमची दृष्टी प्रथम त्या डागाकडे जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पंप नवा होता, नळ्या नव्या होत्या, पाणीही भरले होते. मग बिघडले काय? पाण्याच्या वाटेत हवा अडकून राहिली होती, एवढेच बिघडले होते.

आमच्या शेतकरी वाचकांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही. विहिरीवरील मोटार पुष्कळ दिवस बंद राहिली किंवा तळाचा फुटव्हॉल्व्ह गळाला, म्हणजे काय होते? मोटार गरगर फिरते, आवाज करते, पण पाटात थेंब येत नाही. पंपाने हवा धरली, असे आपण म्हणतो. आणि पंपात तोंडापर्यंत पाणी ओतून हवा घालविल्यावाचून तो पाणी उचलीत नाही. मोटारगाडीतील पाण्याचा पंप याच जातीचा आहे. फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकावयाचे, हे त्याचे काम. पात्यांभोवती पाण्याऐवजी हवा असेल, तर फेकावयास काही उरत नाही. पाणी गाडीत आहे, पंप फिरतो आहे, पण पाणी जागचे हलत नाही.

पाणी हलणे एवढे अगत्याचे का, हेही पाहिले पाहिजे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीचा निम्म्याहून कमी भाग चाकांच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बराचसा भाग धुराबरोबर जातो आणि स्थूलमानाने एक तृतीयांश इतकी उष्णता पाण्याने वाहून नेऊन रेडिएटरमध्ये सोडावयाची असते. हे काम हवेकडून होण्यासारखे नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापेल. यावरून, इंजिनाच्या ज्या कोपऱ्यात पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा बसला, त्या कोपऱ्यातील धातू जणू उघडा पडला, असे समजावे. तेथे उरलेसुरले पाणी उकळते, वाफ होते, वाफ बुडबुड्यास आणखी फुगविते, आणि अखेर इंजिनाचे हेड वाकडे होण्यापर्यंत किंवा त्याखालील गॅस्केट फाटण्यापर्यंत मजल जाते. चारशे रुपयांच्या नळीपायी सुरू झालेली गोष्ट कित्येक हजारांवर जाते ती अशी.

आमच्या काट्याने आम्हांस फसविले, त्याचेही कारण हेच. काट्याला खबर देणारा लहानसा भाग पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. तो हवेत किंवा वाफेत उघडा पडला, म्हणजे मनास येईल ते सांगतो. म्हणून दुरुस्तीनंतर काटा वरखाली झुलू लागला, तर तो खाली आल्याचा आनंद मानू नये; झुलणे हीच धोक्याची खूण. हीटरमधून गार वारा आला, तो इंजिन थंड होते म्हणून नव्हे. हीटरचा लहान रेडिएटर हवेने भरला होता आणि त्यात गरम पाणी पोहोचतच नव्हते, म्हणून. आणि पहाटेची ती खळखळ म्हणजे त्याच हवेतून वाट काढणाऱ्या पाण्याचा आवाज. तीन साक्षीदार एकच साक्ष देत होते. आम्ही एकास हसलो, दुसऱ्यावर भलताच विश्वास ठेवला, आणि तिसऱ्याच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावला.

येथे कोणी म्हणेल की, पूर्वीच्या गाड्यांत कोठे असली कटकट होती? नळाखाली बादली भरावी तसे रेडिएटर भरावयाचे आणि निघावयाचे. हे बरेचसे खरे आहे. जुन्या जीपगाड्यांत व ट्रकांत रेडिएटर उंच असे आणि त्याचे तोंड साऱ्या पाण्याच्या वाटेत सर्वांत वर असे. हवेचा धर्म वर जाण्याचा. ती आपोआप तोंडावाटे निघून जाई. फोर्डच्या 1908 ते 1927 या काळात निघालेल्या 'मॉडेल टी' या प्रसिद्ध मोटारीत तर, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, निवालेले खाली उतरे, आणि त्यावर सारे चाले. पुढे गाड्यांची नाके बुटकी झाली. पुष्कळ गाड्यांत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली आला, हीटरच्या नळ्या त्याच्याही वर गेल्या. आता त्या उंचवट्यांवर जाऊन बसलेली हवा स्वतः होऊन निघत नाही. तिला वाट करून द्यावी लागते. त्यात आणखी एक अडसर म्हणजे थर्मोस्टॅट. पाणी साधारण 80 ते 90 अंश तापेपर्यंत ही झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. थंड गाडीत आपण कितीही पाणी ओतले, तरी झडपेपलीकडील हवा झडप उघडेपर्यंत तशीच राहू शकते. काही थर्मोस्टॅटांस हवा सुटण्यासाठी एक बारीक छिद्र व त्यात हलणारी लहान पिन असते. ती बसविताना वरच्या बाजूस यावी, हे जाणता मेस्त्री विसरत नाही.

आमची गाडी ओढून आणल्यावर त्याच मेस्त्रींनी ती आमच्यासमोर पुनः भरली. त्या वेळी आम्ही घड्याळ घरी ठेवून गेलो होतो. त्यांनी केले ते क्रमाने सांगतो, कारण आमच्या कुटुंबांतील कित्येक तरुण हे काम घरीच करतात.

पहिली अट, इंजिन पूर्ण थंड हवे; रात्रभर उभे असलेले उत्तम. गाडी उघड्यावर असावी, बंद खोलीत नव्हे, कारण इंजिनाचा धूर कोंडल्यास जिवावर बेतते. गाडीचे नाक चढाकडे करून ती उभी करावी, हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावेत. म्हणजे भरण्याचे तोंड शक्य तितके उंच येते. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी, कारण काही गाड्यांत हीटरची वाट त्यावाचून उघडत नाही. मग कूलंट बारीक धारेने ओतावे. भरभर ओतल्यास ते हवेची वाट अडविते. थोडे ओतावे, थांबावे, वरची जाड रबरी नळी हाताने चार-सहा वेळा दाबून सोडावी. गडगड करीत बुडबुडे वर येतात व पातळी खाली जाते. पुनः ओतावे. काही गाड्यांत उंच जागी हवा सोडण्यासाठी खास स्क्रू असतो. तो किंचित सैल करावा. आधी फुसफुस हवा येते, मग थुंकल्यासारखे पाणी येते, मग अखंड धार येते. धार अखंड झाल्यावरच तो आवळावा.

त्यानंतर झाकण न लावता इंजिन चालू करून संथ गतीवर ठेवावे. येथपासून धीर हवा. दहा-पंधरा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. नंतर थर्मोस्टॅट उघडतो, वरची नळी एकाएकी गरम होते, मोठाले बुडबुडे येतात आणि पातळी झर्रकन उतरते. उतरेल तसे कूलंट घालीत जावे, मात्र तोंडावर वाकून पाहू नये. खालची नळीही गरम झाली, हीटरमधून कढत वारा येऊ लागला, रेडिएटरचा पंखा एक-दोन वेळा फिरून थांबला आणि बुडबुडे संपले, म्हणजे बहुतेक हवा निघाली. इंजिन बंद करून, पाणी उसळत नाही असे पाहून झाकण लावावे. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू शकतो. हात, ओढणी, पदर त्यापासून दूर ठेवावेत.

आणि काम येथे संपत नाही. गाडी पूर्ण निवू द्यावी. निवताना पाणी आकसते आणि बाटलीतील कूलंट आत ओढले जाते. सकाळी झाकण उघडून पाहिले असता पातळी थोडी उतरलेली आढळते, ती भरावी. बाटलीवरील दोन रेघांच्या मध्ये कूलंट आहे, हे पुढील तीन-चार सकाळी पाहावे. मेस्त्रींनी आमच्याकडे मागितलेली रात्र ती ही. तिचा अर्थ आम्हांस पूर्वी कळला नव्हता.

सर्वांत सोपी परीक्षा मात्र वेगळीच आहे, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. जेवढे निघाले तेवढे परत गेले काय, एवढेच मोजावे. मेस्त्रींनी आमच्या गाडीतील उरलेले पाणी एका डब्यात उतरविले, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा पाहिला आणि म्हणाले, "फादर, हे बघा, दीड लिटरच्या वर कमी आहे. तेवढं सगळं काही घाटात सांडलेलं नाही. त्या दिवशी एवढ्या जागेत हवाच बसली होती." लहान मोटारीत एकूण चार ते सहा लिटर पाणी मावते. त्यातील लिटरभर जागा हवेने घेतली, तर उरले किती?

इतके करूनही दर दोन दिवसांनी बुडबुडे येत असतील, पाणी कोठेही न गळता कमी होत असेल, धूर पांढरा पडत असेल किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधट साका दिसत असेल, तर ती भरताना राहिलेली हवा नव्हे. हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरत असावा. तेथे घरगुती उपाय करीत बसू नये, जाणत्यास दाखवावे. तसेच विजेच्या व दुहेरी शक्तीच्या नव्या गाड्यांत अनेक ठिकाणी पाण्याचे पंप संगणकाच्या आज्ञेने चालतात. त्या गाड्यांची हवा काढण्याची रीत निराळी आहे व ती कारखान्यातच व्हावी. मोठ्या गॅरेजांत आता निर्वात करणारे उपकरणही असते. ते आधी नळ्यांतील हवाच ओढून घेते आणि रिकाम्या जागेत कूलंट आपण होऊन शिरते.

आता झाकणाविषयी, कारण आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच. आपल्या बेळगावात, समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातील पाणी 97-98 अंशांवरच उकळते. गाडीतील पाणी त्याहून पुष्कळ अधिक तापले तरी उकळत नाही, कारण झाकण ते दाबाखाली ठेवते. त्या दाबाखाली ते जवळजवळ 120 अंशांपर्यंत तग धरू शकते. आपल्या गृहिणींनी कुकर आठवावा. शिटी न उतरविता कुकरचे झाकण उघडण्याचा प्रयत्न कोणी शहाणी बाई करील काय? रेडिएटरचे झाकण फिरविताच दाब नाहीसा होतो आणि 110-115 अंशांवरचे पाणी त्याच क्षणी उकळून बाहेर झेपावते. फडके गुंडाळल्याने हात वाचत नाही. उलट कढत पाणी फडक्यात मुरून कातडीला चिकटते. म्हणून घाटात गाडी तापल्यास वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण सोडावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, वाफ ओसरेपर्यंत बॉनेटही उघडू नये, आणि झाकणास तर तासभर हात लावू नये. वरची नळी हातात धरवेल इतकी निवाली व दाबल्यावर मऊ लागली, तरच झाकण जाड फडक्याने हळूहळू, थांबत थांबत फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. धातूस तडा जाण्याचा संभव असतो. तास गेला तर जाऊ द्यावा. घाटातील एक तास दवाखान्यातील एका तासापेक्षा पुष्कळ बरा.

घरातील मातांसाठी आणखी दोन गोष्टी. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते; ते चवीस गोड आणि पोटात गेल्यास घातक विष आहे. अंगणात सांडलेले मांजर-कुत्र्यांनी चाटल्यास ती दगावतात, आणि पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले मूल पिऊन टाकण्याचा धोका असतो. ते मूळ डब्यातच, कुलुपात असावे. सांडलेले लागलीच भरपूर पाण्याने धुवावे, आणि काढलेले जुने कूलंट ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये, गॅरेजात द्यावे. दुसरे असे की, कूलंटमध्ये मिसळण्यास विहिरीचे क्षारयुक्त पाणी घेऊ नये. त्याचा किटलीत जमतो तसाच थर इंजिनाच्या वाटांत जमतो. शुद्ध केलेले, क्षाररहित पाणी बाजारात मिळते, ते वापरावे.

मेस्त्रींचे काम चालले असता आम्ही त्यांस म्हणालो, "तुम्ही आम्हांला स्पष्ट का सांगितले नाही, की गाडी अशी नेली तर घाटात उकळेल?"

ते पान्हा पुसत म्हणाले, "दोनदा सांगितलं, फादर. तिसऱ्यांदा सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं की मी कामाला लावतोय." क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, "पण चूक माझीच. किल्ली द्यायला नको होती."

या वाक्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. ते म्हणतात चूक त्यांची. आम्ही म्हणतो आमची. आणि ज्याची काडीमात्र चूक नव्हती, त्याच्या हातावर डाग राहिला. दुरुस्तीचे काम सांगताना आपण नेहमी सुट्या भागांची किंमत विचारतो, मजुरी विचारतो, आणि "केव्हा मिळेल?" हे सर्वांत मोठ्याने विचारतो. शेवटचा अर्धा तास आणि त्यापुढची एक रात्र या गोष्टी बिलात लिहिलेल्या नसतात. त्यामुळे घाई करावयाची झाली, म्हणजे आपण त्याच कापतो. मेस्त्रीही मनुष्य आहे. गिऱ्हाईक उशाशी उभे राहिले, म्हणजे त्याचा हात चुकतो किंवा त्याची जीभ गप्प बसते.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांस आम्ही हेच सांगितले, आणि मेस्त्रींकडे गाडी नेऊन दोन दिवस तेथेच ठेवा, अशी विनंती केली. परवा ते पुनः भेटले. गाडीतून सव्वा लिटर जागेची हवा निघाली. आता ओढा वाहत नाही, काटा स्थिर आहे आणि हीटरचा वारा कढत येतो. येत्या आठवड्यात ते सहकुटुंब गोव्यास जाणार आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या दोन्ही मुलांस गाडीजवळ उभे करून ते झाकण दाखवावे आणि गाडी गरम असताना त्यास हात लावावयाचा नाही हे समजावून द्यावे, असे आम्ही त्यांस सुचविले आहे. आमच्या प्रत्येक वाचकाने आपल्या घरी हे आजच करावे. आम्ही ते वेळेवर केले नाही.